पोदेराची सायकल आणि माझा तक्ता

मला पाट्या वाचायची खोड आहे. वाचून पुढे जायचं असतं हे कळतं, पण अक्षरं कुठे खेटली आहेत, बाण कुठल्या कुशीला वळलाय, रंग कोणी निवडला असेल, हे पाहिल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. कोल्हापुरात एका छापखान्यात एकतीस वर्षं मी मांडणीचं काम केलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, अर्ज, औषधांच्या खोक्यांतली घडीची पत्रकं, सगळं. माझी भाची त्याला ग्राफिक डिझाइन म्हणते आणि त्याची फी भरून शिकते. आम्ही त्याला मांडणी म्हणायचो आणि चुकली तर मालकाच्या शिव्या खायचो.

थंडी सरता सरता मी गोव्याला जाऊन आले. देवळं, चर्च, किल्ले यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत पाच दिवस होते, आणि त्यातला एक दिवस मला उरलेल्या आयुष्याला पुरेल. तेवढंच सांगते.

धारगळ

आंबोली, सावंतवाडी, बांदा करत बस गोव्यात शिरली आणि रस्ता एकदम रुंद झाला. हिरव्या पाट्या माणसापेक्षा मोठ्या, अक्षरं ठसठशीत. मी मनातल्या मनात त्यांना शंभरपैकी ऐंशी मार्क दिले. पुढच्याच पाटीने ते काढून घेतले, कारण हरमलकडे वळायचं असं सांगणारी पाटी मी वळण मागे पडल्यावर वाचली. बसवाल्याला थांबवलं, धारगळला उतरले आणि पिशवी घेऊन उन्हात मागे चालू लागले.

रस्त्याच्या कडेला एक बाई बसली होती. पुढ्यात लाल सुक्या मिरच्यांचे ढीग, वालाच्या शेंगा, केळ्यांचा घड. ना छत्रीवर काही लिहिलेलं, ना पुठ्ठ्यावर. मी पाणी पिण्यासाठी टेकले आणि जुन्या सवयीने विचारलं, "मावशी, एखादी पाटी का लावत नाही? गाड्या थांबतील."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आभाळाला नाव लिहायला सांगत होते. "पाटी कित्याक गो? मिरसांग दिसता मगे. कोणाक दिसना नाय, त्येका ती तिखट लागतली खंयची?"

मी अर्धा किलो मिरच्या घेतल्या. ढिगांची मांडणी मात्र मी वळण येईपर्यंत मागे वळून पाहत होते. सगळ्यांत लाल ढीग येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला, फिके मागे, आणि मधे वालाचा हिरवा रंग, म्हणजे लाल आणखी लाल दिसावा. तिला हे कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

हरमल

हरमलला पाट्यांची जत्रा आहे. स्कूटर भाड्याने, खोली भाड्याने, मालिश, योग, पिझ्झा. निम्म्या पाट्या रशियन लिपीत. मला त्यातलं एक अक्षर येत नाही, तरी कुठलं दुकान झोपायचं आणि कुठलं खायचं ते कळलं, याचं मला कौतुक वाटलं. एका खोपटाबाहेर मात्र एकाच फळीवर तेवीस गोष्टी लिहिल्या होत्या. मोजल्या मी. त्या खोपटात चिटपाखरू नव्हतं.

मी उतरले ती खोली एका मासेमारी करणाऱ्या कुटुंबाची होती. घरची बाई रोज दुपारी सुंगटांचं हुमण, म्हणजे कोलंबीचं कालवण, करायची. आमच्याकडच्या तांबड्या रश्श्याची सवय असलेल्या जिभेला आधी ते सौम्य वाटलं आणि तिसऱ्या घासाला कळलं की तिखट मागून येतं. सकाळी मला जाग यायची ती पोदेराच्या भोंपूने. पोदेर म्हणजे पाववाला. सायकल, मागे निळ्या ताडपत्रीने झाकलेली भलीमोठी टोपली, आणि हँडलला रबरी भोंपू. पों पों झालं की प्रत्येक घरातून एकेक बाई पिशवी घेऊन फाटकाशी. गरम उंडा, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून खाल्ला आणि मी मनाशी ठरवून टाकलं, गोव्यातली सकाळ म्हणजे ही सायकल. आमच्याकडे जसा दूधवाला.

संध्याकाळी चारपासूनच मी किनाऱ्यावर जाऊन बसायची. एवढं लक्षात ठेवा.

मये

म्हापसा आणि डिचोली अशा दोन बस बदलून मयेला पोचले तेव्हा शुक्रवारचे दिवे लागले होते. सुनंदा फाटकाशी उभी होती. लग्नाआधी ती कोल्हापूरला मामाकडे राहायची आणि आमच्या छापखान्यात बांधणी खात्यात कागदाच्या घड्या घालायची. मूळची सावंतवाडीकडची. लग्न झालं खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर असलेल्या भिकाजींशी आणि ती मयेची झाली. तीस-पस्तीस वर्षं आमची पत्रं आणि मग फोन एवढंच.

"इलंस गो मंगल," म्हणाली आणि पिशवी हातातून घेऊन तशीच उभी राहिली. डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता, मीच पुसले.

जेवणं झाल्यावर ती खरं बोलली. भिकाजींना साखर आहे आणि रक्तदाबही. तीन गोळ्या, सकाळ, दुपार, रात्र. त्यातल्या सकाळच्या साखरेच्या आणि रात्रीच्या रक्तदाबाच्या गोळीची पाकिटं तिने माझ्या हातात ठेवली. दोन्ही चंदेरी, दोन्हीवर हिरवा पट्टा, नाव मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. मी चष्मा लावून, दिव्याखाली धरून फरक शोधला. सुनंदाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, इंग्रजी तिला येत नाही. भिकाजी दुसरीतून शाळा सोडलेले. महिन्याभरापूर्वी या दोन पाकिटांची अदलाबदल झाली आणि ते बाजारात चक्कर येऊन बसले.

"आयतवारी झिल येतलो," सुनंदा म्हणाली. झिल म्हणजे मुलगा, प्रसाद, वास्कोला नोकरीला. "दोन मोठ्यो बॅगो घेवन येतलो. म्हणता, आई, तुका ह्या जमना नाय, बाबांका घेवन माझ्याकडे चल. वायट नाय तो. पण वास्कोत दार लावन बसूचा लागता. ह्येंका तर दार लावल्यार घुसमटता."

भिकाजी ओसरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि तोंड रस्त्याकडे वळवलं. उभा जन्म ट्रकच्या उघड्या खिडकीत कोपर ठेवून काढलेला माणूस तो.

मला काय वाटलं सांगू? संताप आला. त्या पाकिटांची मांडणी करणाऱ्याचा. एक पट्टा हिरवा आणि एक लाल केला असता तर काय बिघडलं असतं? एका पट्ट्यापायी दोन म्हातारी माणसं घरातून उठणार होती. आणि संतापाच्या मागोमाग, खोटं कशाला बोलू, हुरूपही आला. हे तर माझंच काम होतं.

तक्ता

शनिवारी सकाळी भोंपू वाजला, सुनंदाने उंडे घेतले, भिकाजींना हाताने गोळी दिली आणि मी पुठ्ठा मागितला. डिचोलीहून आणलेल्या मिठाईचा खोका मिळाला. शेजारच्या नातीचे रंगीत खडू मिळाले. दुपारपर्यंत मी मान वर केली नाही.

तीन चौकोन. अक्षर एकही नाही. पहिल्यात पोदेराची सायकल, निळी टोपली, रबरी भोंपू. त्याखाली पाकिटाचा एक तुकडा चिकटवलेला. दुसऱ्यात भाताचं ताट, तिसऱ्यात चंद्र. तीन डबे घेतले, गोळ्या त्यांत भरल्या, त्यांवरही तीच चित्रं. इतकं साधं, इतकं स्वच्छ काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं.

"सायकल बरी काढलंस गो," सुनंदा म्हणाली. "आमच्या पोदेराचीच वाटता." मग ती जरा थांबली, काही बोलणार असं वाटलं, आणि भाताला आधण आलंय म्हणून आत गेली.

भिकाजींना मी समजावलं. "भावोजी, पोदेर आला की ही. जेवलात की ही. चंद्र म्हणजे झोपताना." त्यांनी मान डोलावली. प्रत्येक चित्रावर बोट ठेवून त्यांनी मला परत म्हणून दाखवलं. एकही चुकलं नाही.

चार वाजता मी सुनंदाला म्हटलं, "चल, तळं दाखव. आता तक्ता आहे, तू मोकळी." ती नको नको म्हणत होती. महिनाभर ती घराबाहेर पडली नव्हती. मी ओढूनच नेली.

मयेचं तळं सुंदर आहे. डोंगर पाण्यात उलटे उतरलेले, काठाला पर्यटकांच्या पायडलच्या होड्या. होड्यांवर हंसाची तोंडं आहेत, ती इतकी भेसूर रंगवली आहेत की मूल रडेल. मी त्यावर बोलत होते आणि सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती. तिला असं हसताना मी बांधणी खात्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

परतलो तेव्हा तिन्हीसांज होत होती. भिकाजी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, हात कापत होते, बोलणं जड. मी नुसती उभी राहिले. सुनंदाने एकदा त्यांच्या कपाळाला हात लावला, आत धावली, साखरेचं पाणी आणलं आणि घोट घोट पाजायला लागली. "गिळा. गिळा मगे." शेजाऱ्याला हाक मारून रिक्षा आणवली. हे सगळं होईपर्यंत मी चपलाही काढल्या नव्हत्या.

रिक्षात त्यांना थोडी तरतरी आली. सुनंदाने विचारलं, "काय झाला? काय खाल्लास?"

"काय नाय," ते म्हणाले. "भोंपू वाजलो. मी चित्र बघलंय, गोळी घेतलंय." मग माझ्याकडे वळून, शाळेतल्या मुलासारखं, "बरोबर ना बाई?"

डिचोली

गोव्यात पोदेर दोनदा येतो. सकाळी एकदा, संध्याकाळी चारनंतर एकदा. आणि भोंपू वाजला की साखरेची गोळी, असंच माझा तक्ता सांगत होता. हे गोव्यातल्या पाच वर्षांच्या पोराला माहीत आहे. मी हरमलला किनाऱ्यावर बसलेली असायची आणि मयेला दिवेलागणीला पोचले होते. मला एकच पोदेर भेटला आणि मी त्यावर एका माणसाचा जीव टांगला.

दवाखान्याच्या बाकावर मी सुनंदाला विचारलं, "तुला माहीत होतं. तू बोलली का नाहीस?"

"बोलतलंय होतंय," ती म्हणाली. "मगे माका वाटला, तू एवढी शिकलेली, छापखान्यात होतंस, काय तरी येवजून काढलेला आसतला. मी घड्यो घालणारी. माका काय कळता."

डॉक्टरबाईंनी भिकाजींना सकाळपर्यंत ठेवून घेतलं. साखरेचं पाणी वेळेवर दिलं म्हणून निभावलं, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात प्रसाद आला. शेजाऱ्याने फोन केला होता. तिशीचा, दमलेला, खांद्याला दोन मोठ्या रिकाम्या बॅगा. त्या त्याने भिंतीशी टाकल्या, बापाला पाहून आला आणि आईसमोर उभा राहिला.

"आई, तुका सांगलंय ना मी? तुझ्यान होवचा नाय. परत तीच चूक. उद्या कपडे भरूया."

सुनंदा खाली बघत राहिली. तक्त्याचं तिने नावही काढलं नाही. मी पाहुणी होते. पाहुणीला खाली पाहायला लावायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. आणि मी गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. घरी जाऊन मी तक्ता चुलीत घातला असता आणि सोमवारची बस धरली असती. हे माझ्या मनात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं.

छापखान्यातले दिवस आठवले. आम्ही छापलेला एक अर्ज लोक हमखास चुकीचा भरायचे. खिडकीवरचा कारकून त्यांच्यावर डाफरायचा, म्हातारी माणसं ओशाळून दुसरा कागद मागायची, आणि आम्ही म्हणायचो, लोकांना साधं वाचता येत नाही. दोन रकान्यांमधली जागा मीच कमी केली होती, कागद वाचवायला. त्यातल्या एकालाही कधी कळलं नाही की तो शहाणाच होता.

"प्रसाद," मी म्हटलं, "चूक तुझ्या आईची नाही. बाबांचीही नाही. माझी आहे." आणि सायकलीचं सगळं सांगितलं. "तुझ्या बाबांनी तक्ता अगदी बरोबर वाचला. तक्ताच चुकीचा होता. आणि तुझ्या आईने साखरेचं पाणी दिलं नसतं तर मी नुसती बघत उभी राहिले असते."

तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुमी छापखान्यात होता ना?"

"एकतीस वर्षं."

तो आत जाऊन बापाच्या खाटेशी बसला.

रविवार

रविवारी सकाळी आम्ही घरी आलो. बॅगा ओसरीवर होत्या, तशाच. मी तक्ता उतरवला आणि खोक्याचा उरलेला कोरा पुठ्ठा पुढ्यात घेतला. या वेळी खडू हातात घेतला नाही. भिकाजींना विचारलं, "भावोजी, दिवसातून एकदाच होतं असं काय आहे?"

असा प्रश्न मी जन्मात कुणाला विचारला नव्हता. मांडणी झाली की दाखवायची, एवढीच माझी पद्धत.

"कोंबो," भिकाजी म्हणाले.

"तुमचो कोंबो धा वाजता पण आरवता," सुनंदा म्हणाली.

मी तुळशीचं सुचवलं, पाणी सकाळी घालतात म्हणून. "सांजेक दिवो थयच लागता," भिकाजींनी लगेच पकडलं. दुपारला मासळीचं कालवण काढू का, असं विचारलं, तर सुनंदा हसायला लागली. "सोमवारी गोळी घेवची नाय काय?" प्रसाद दाराला टेकून ऐकत होता. त्याच्या तोंडावर हसू आलं आणि त्याने ते आवरलं.

शेवटी सकाळचं भिकाजींनीच ठरवलं. देवासाठी जास्वंद ते स्वतः काढतात, सकाळी, रोज, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. लाल जास्वंद. दुपारी जेवून ते आरामखुर्चीत तासभर कलंडतात, म्हणून खुर्ची. चंद्राबद्दल ते म्हणाले, "अवसेक नसता तो." मग रात्रीचं काय? सुनंदा म्हणाली, "दाराची कडी. ह्येच लावतत. दिवसा ह्या दाराक कडी लागना नाय." कडी काढली. काळी, जाड.

चित्रं मी काढली, पण जास्वंदीच्या पाकळ्या पाच की सहा, खुर्चीचे हात कसे, हे सगळं ते दोघं सांगत होते. सायकलीइतकी देखणी ती झाली नाहीत. भाचीने पाहिलं तर नाक मुरडेल. डब्यांवरही जुन्या चित्रांच्या जागी ही नवी लावली आणि लाल, पिवळा, काळा असे कागद डकवले.

दुपारी प्रसादने डबे उलटसुलट केले, चित्रं भिंतीकडे फिरवली आणि बापाला परीक्षेला बसवलं. नुसत्या रंगांवरून. मग रंग झाकून नुसत्या चित्रांवरून. भिकाजींचं एकही चुकलं नाही. तरी प्रसाद गंभीरच होता. मला त्याचा राग आला नाही, कारण कालही त्यांचं एकही चुकलं नव्हतं. त्याला जे बघायचं होतं ते अजून व्हायचं होतं, आणि आम्ही सगळेच न बोलता त्याचीच वाट पाहत होतो.

साडेचार झाले. लांबून पों पों आलं.

सुनंदाच्या हातातला चहा थांबला. मी खुर्चीतून अर्धी उठले. प्रसाद भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होता. भिकाजी सावकाश उठले, आत आले, तक्त्यासमोरून गेले. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातला पावाचा पत्र्याचा डबा उघडून आतली कापडी पिशवी काढली. त्या डब्यावर पोदेराची सायकल होती. जुन्या तक्त्यातून कापून सुनंदाने कधी चिकटवली, मला कळलंच नाही. निळी टोपली, रबरी भोंपू. तिथे ती शोभत होती.

दारात ते थांबले. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "माका उंडे व्हये," ते म्हणाले. "गोळी नको." आणि फाटकाकडे गेले.

मी मान फिरवली, कारण मला रडू आलं होतं.

प्रसादची बस साडेपाचची होती. "महिनोभर बघतंय," तो आईला म्हणाला, आणि ओसरीवरच्या बॅगा उचलायला वाकला. "थांब," सुनंदा म्हणाली. एका बॅगेत तिने नारळ भरले, दुसरीत केळी आणि वर ते गरम उंडे. मी आणलेल्या धारगळच्या मिरच्याही त्यात गेल्या. कपड्यांसाठी आणलेल्या बॅगा होत्या त्या. दोन्ही इतक्या जड झाल्या की एक त्याने उचलली आणि दुसरी भिकाजींनी, आणि बापलेक बसच्या थांब्याकडे चालू लागले. दार उघडंच होतं.